हृदयरोगी आणि मधुमेहींनी फ्लूची लस कधी घ्यावी?

फ्लूच्या लशीचं नाव काढलं की घरोघरी एकच उत्तर मिळतं, ‘सर्दीला कसली आलीय लस!’ धडधाकट माणसाचं हे बोलणं एकवेळ चालून जाईल. पण मधुमेह, दमा, किडनीचा विकार किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला फ्लू झाला, तर धोका छातीतल्या कफापुरता राहत नाही.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात संशोधकांनी फ्लूच्या तपासण्या आणि हार्ट अटॅकच्या नोंदी पडताळून पाहिल्या. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या काळापेक्षा सुमारे सहापट निघालं. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. विषाणूशी लढताना शरीरभर दाह पेटतो, रक्त गोठण्याकडे झुकतं, तापात हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तवाहिनीत आधीच साचलेला चरबीचा थर फुटू शकतो. मधुमेहींची साखरही याच दिवसांत चढते.

मग लशीनं हृदय वाचतं का? हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या अडीच हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना फ्लूची लस आणि निम्म्यांना नुसतं सलाइन टोचण्यात आलं. आठ देशांतल्या या चाचणीत बांगलादेशही होता. वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा स्टेंटमध्ये (रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीदार नळीत) गुठळी यांपैकी काहीतरी झालेले रुग्ण सलाइनच्या गटात ७.२ टक्के होते, तर लशीच्या गटात ५.३ टक्के. एका टोचणीच्या मानानं ही कमाई मला मोठी वाटते.

लस अर्थात अभेद्य नाही. विषाणूशी चांगली जुळली, तर दवाखाना गाठायला लावणारा फ्लू ती ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. विषाणू रूप बदलतो आणि संरक्षणही ओसरतं, म्हणून ती दरवर्षी घ्यायची. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो आणि लशीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. त्यामुळे मे महिना उत्तम. फ्लू हिवाळ्यात येणाऱ्या देशांतल्या नातेवाइकांचं ऐकून ऑक्टोबरची वाट पाहू नये. फ्लूच्या चार प्रकारच्या विषाणूंऐवजी तिनांवरची लस मिळाली तरी बिघडत नाही. वगळलेला ‘बी-यामागाता’ विषाणू मार्च २०२० नंतर खात्रीनं सापडलेलाच नाही.

इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, तेव्हा तिनं फ्लू होत नाही. दंड दुखेल, अंग थोडं कसकसेल. नाकात फवारायची लस मात्र जिवंत विषाणूची असते, ती अशा रुग्णांनी टाळावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर टोचण्याआधी सांगावं. बारीक सुई वापरून ती जागा न चोळता दोन मिनिटं दाबून धरली की भागतं.