मे महिन्यातली पातळ हवा

संक्रांतीला नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गच्चीवर भाच्याने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पतंगाची कन्नी, म्हणजे मांजा जिथे जोडतात ती दोऱ्यांची बांधणी, बांधली. पतंग काही चढेना. वाऱ्यापुढे छाती काढून नुसताच ताणत राहिला आणि गोता खाऊन शेजारच्या कौलांवर पडला. दुसऱ्या पतंगाच्या कन्नीची वरची दोरी मी बोटभर आखूड केली. पतंगाचं डोकं जरासं पुढे झुकलं आणि चार ठुमक्यांत तो वर गेला.

"मामा, कागद तोच, काडी तीच. मग हा कसा गेला?"

कोनामुळे. योग्य तिरपा धरलेला पतंग समोरून येणारी हवा खाली वळवतो, आणि खाली ढकललेली हवा पतंगाला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. कोन फार वाढला तर हवा पाठीला धरून वाहत नाही, भोवरे उठतात, उचल घटते आणि मागे खेचणारी ओढ तेवढी वाढते. विमानाच्या पंखाचंही असंच होतं. वैमानिक त्याला स्टॉल म्हणतात आणि त्यापासून फार जपून राहतात.

शाळेत आपल्याला वेगळंच शिकवलं गेलं. पंखाची वरची बाजू फुगीर, तिथला रस्ता लांब, म्हणून खालच्या हवेला मागच्या टोकाशी गाठायला वरची हवा वेगाने धावते! पण हवेच्या दोन थरांनी अशी भेट ठरवलेली नसते. वरची हवा खरोखरच वेगाने जाते, इतकी की खालच्या हवेच्या आधीच मागच्या टोकाला पोहोचते. आणि रस्त्याच्या लांबीवरच सगळं असतं, तर आपला सपाट कागदी पतंग कधी उडालाच नसता. मुलांना हे चुकीचं कारण अजूनही सांगितलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पंखाच्या वर दाब कमी, खाली जास्त, हे मात्र खरं. फरक किती लागतो? एअरबस ए३२० पूर्ण भरलं की सुमारे ७८ टनांचं होतं आणि त्याच्या पंखांचं क्षेत्रफळ जवळपास १२२ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर साधारण ६४० किलोंचा भार. वातावरण तेवढ्याच जागेवर १० टनांच्या आसपास दाब देतं. त्यातला सहा-सात टक्के फरक मिळाला, की विमान उचललं गेलं.

आता आपला मे महिना घ्या. जानेवारीच्या पहाटे नागपुरात पारा १० अंशांवर असतो, मेच्या दुपारी ४५ वर. तापलेली हवा फुगते, तिची घनता सुमारे ११ टक्क्यांनी उतरते. उचल घनतेच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून तेवढ्याच वजनाला जमीन सोडायला वेग सहा टक्के जास्त लागतो. त्यात इंजिनालाही तीच पातळ हवा मिळते, त्याचा जोर घटतो. वेग जास्त हवा आणि जोर कमी, त्यामुळे विमान जास्त लांबवर धावतं.

जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात पारा ४८ अंशांच्या पुढे जाणार म्हणून छोट्या विमानांची उड्डाणं रद्द करावी लागली होती. त्या विमानांसाठी ४७.८ अंशांपर्यंतचेच हिशेब मान्य होते. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे, त्यामुळे आपल्याकडे बरीच सोय होते. तरी वैमानिक प्रत्येक उड्डाणाआधी त्या वेळचं तापमान हिशेबात धरतो, आणि गणित बसत नसेल तर वजन कमी करावं लागतं.