गावरान कोंबड्याला प्रथिनं किती लागतात?

सावजी रस्सा करायचा तर कोंबडा गावरानच हवा, असा हट्ट नागपुरात पुष्कळ घरांत असतो. त्यासाठी जास्त पैसेही मोजले जातात. म्हणून काटोल, उमरेड, रामटेककडे शेतात शेड टाकून गावरान किंवा कडकनाथ पाळणारे भेटतात. खाद्याच्या बाबतीत मात्र दोन टोकं दिसतात. कुणी नुसत्या तांदळाच्या कनकीवर पिल्लं वाढवतो, कुणी ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी झपाट्याने वाढणाऱ्या कोंबड्यांच्या, खाद्याचं पोतं आणून विक्रीपर्यंत तेच घालतो. पहिल्या प्रकारात पिल्लू खुरटतं, दुसऱ्यात पैसा उकिरड्यावर जातो.

ब्रॉयलर साधारण 40 दिवसांत 2 किलो भरतो, म्हणजे दिवसाला सरासरी 50 ग्रॅम. गावरान कोंबडा चार महिन्यांत सव्वा किलोच्या आसपास जातो. रोजची वाढ 10 ग्रॅम. वाढलेल्या वजनात प्रथिनांचा वाटा साधारण पाचवा असतो. तेव्हा ब्रॉयलर रोज 10 ग्रॅम प्रथिनं अंगात साठवतो, तर गावरान जेमतेम 2. ब्रॉयलरच्या सुरुवातीच्या खाद्यात 22-23 टक्के प्रथिनं असतात ती या घाईसाठी. गावरान पिल्लांना पहिले सहा-आठ आठवडे 18 ते 20 टक्के आणि पुढे 15-16 टक्के पुरतात.

ते पहिले आठवडे मात्र अजिबात हयगय करण्याचे नाहीत. याच काळात लव जाऊन खरी पिसं येतात, आणि पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, तेही गंधकयुक्त अमिनो आम्लांनी भरलेलं. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक. पिल्लं एकमेकांची पिसं टोचू लागली, शेपटीकडे कातडी उघडी पडली, तर गर्दी आणि प्रखर उजेड तपासाच, पण खाद्यातलं मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्लही बघा. टक्केवारी बरोबर असूनही इथेच अडतं. विटांचा ढीग पडला असला तरी सिमेंट संपलं की भिंत थांबते. तसं एक अमिनो आम्ल कमी पडलं की बाकीची वाया जातात. मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, सोयाबीनमध्ये ते भरपूर. पण सोयाबीनमध्ये मेथिओनिन तोकडं. म्हणून खाद्यात ते थोडं वेगळं मिसळतात.

विदर्भात कच्च्या मालाची ददात नाही. मक्यात साधारण 9 टक्के प्रथिनं, सोयाबीनच्या ढेपेत, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीत, 45. तीन भाग मका आणि एक भाग ढेप घेतली की बरोबर 18 टक्के येतात. आठ आठवड्यांनंतर चार भाग मक्याला एक भाग ढेप केली की साधारण 16. वर खनिज मिश्रण आणि जीवनसत्त्वं लागतातच. मात्र कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. त्यातला एक घटक ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या विकराला, रोखतो. तो उष्णतेनेच निकामी होतो. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं आणि ओल लागलेल्या शेंगदाण्याच्या ढेपेत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष, तेव्हा स्वस्त मिळते म्हणून ती पिल्लांपुढे टाकणं मला धोक्याचं वाटतं.

जास्तीची प्रथिनं शरीरात साठून राहत नाहीत. त्यांतला नायट्रोजन यूरिक आम्ल होऊन बाहेर पडतो. विष्ठेवरचा पांढरा थर तोच. शेडमध्ये खाली अंथरलेल्या तुसात तो कुजला की अमोनिया सुटतो आणि शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरतात. शिवाय प्रथिनं पचवताना, जाळताना अंगात उष्णता जास्त तयार होते. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर गेला असताना हा भार नकोच. तेव्हा प्रथिनं नेमकी ठेवावीत आणि खाद्य पहाटे व संध्याकाळी द्यावं.

मोकळं चरणारं गावरान पाखरू पावसाळ्यात वाळवी, नाकतोडे, गांडुळं टिपून बरीचशी प्रथिनं स्वतःच मिळवतं. तेव्हा संध्याकाळी थोडं धान्य टाकलं तरी भागतं. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की किडे मिळत नाहीत. अशा वेळी त्या धान्यात मूठभर सोयाबीनची ढेप मिसळावी, आणि खाद्य पुरतं का ते कळावं म्हणून दहा पक्षी निवडून दर आठवड्याला त्यांनाच काट्यावर ठेवून वजन वहीत लिहावं.