रीइश्यू पिकअप (इलेक्ट्रिक गिटार)

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेला, चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असलेला भाग म्हणजे पिकअप. 1950-60 च्या दशकांतला एखादा गाजलेला पिकअप त्याच कंपनीने किंवा दुसऱ्या कुणी जुन्या घडणीबरहुकूम पुन्हा बाजारात आणला, की त्याला रीइश्यू म्हणतात. पोलादी तार छेडली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत क्षीण विद्युतदाब उमटतो आणि तो अँप्लिफायरकडे जातो. यंत्रणा एवढीच आहे. रीइश्यू मुळासारखा वाजतो का, हा वाद मात्र संपत नाही.

सर्वाधिक नकला गिब्सन या गिटार कंपनीच्या हंबकर या दुहेरी कॉइलच्या (तारेच्या वेढ्यांच्या) पिकअपच्या झाल्या. सेथ लव्हर यांनी तो 1955 मध्ये तयार केला. दोन कॉइल अशा जोडल्या की विजेची गुणगुण आपोआप कापली जावी. 1957 पासून तो गिटारांवर दिसू लागला, पेटंट 1959 मध्ये मिळाले. दरम्यान खाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी चिकटवली जाई, म्हणून हे नग ‘पीएएफ’ म्हणून ओळखले जातात. पुढे चिठ्ठीवर क्रमांक आला, पण तो हंबकरचा नव्हे, गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या (तारांची टोके अडकवण्याच्या भागाच्या) पेटंटचा!

हे मूळ पीएएफ एकमेकांसारखे नव्हते. वेढे मोजण्याची काटेकोर सोय नव्हती, चुंबकही अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांचा चुंबकीय मिश्रधातू) याच्या दोन ते पाच क्रमांकांपैकी हाताशी असेल तो लागे. त्यामुळे कॉइलच्या तारेचा विद्युत रोध साधारण 7 ते 9 किलोओहम असा कुठेही भरतो. तेव्हा रीइश्यू मुळासारखा आहे का, असे कुणी विचारले तर आधी ‘कोणत्या मुळासारखा?’ असे विचारणे भाग आहे. गिब्सनने स्वतः दोन वेगळी उत्तरे दिली: ‘57 क्लासिक’मध्ये दोन्ही कॉइलचे वेढे सारखे, तर ‘बर्स्टबकर’मध्ये मुद्दाम कमीजास्त. शिवाय मूळ नग मेणात बुडवलेले नसत, मोठ्या आवाजाला ते शिट्टी मारतात. ‘57 क्लासिक’सह पुष्कळ रीइश्यू मेणात बुडवलेले असतात.

खरा, मोजण्याजोगा फरक पाहायचा तर फेंडर या दुसऱ्या गिटार कंपनीच्या ‘वाइड रेंज’ हंबकरकडे पाहावे. हाही लव्हर यांचाच, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचा. त्यात तांबे, निकेल आणि लोखंड यांच्या क्युनिफे मिश्रधातूचे आटे पाडलेले स्क्रूच चुंबक होते. नंतरच्या रीइश्यूत कव्हर तसेच राहिले, पण आत तळाशी अल्निकोची पट्टी आणि वर साधे स्क्रू आले. नाव तेच, आतला पिकअप वेगळा. फेंडरने क्युनिफे परत आणले ते 2020 च्या सुमारास. जुन्या चुंबकांच्या ‘मुरण्या’बद्दल मात्र फार बोलले जाते, अल्निकोची ताकद नुसत्या वयाने फारशी घटत नाही, दुसऱ्या चुंबकाच्या सान्निध्याने किंवा उष्णतेने अधिक घटते.

तुलनेत सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आकडा रोधाचा, आणि सगळ्यात फसवा तोच. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्के वाढतो. महाबळेश्वरात थंडीच्या पहाटे 10 अंशांना 7.5 किलोओहम दाखवणारा पिकअप एप्रिलच्या दुपारी सांगलीत 40 अंशांना सुमारे 8.4 दाखवेल. जाहिरातीत एवढ्या फरकावर दोन वेगळी मॉडेले विकली जातात. आवाजाचा घाट ठरतो तो कॉइलची प्रेरकता, वेढ्यांमधली धारकता आणि पुढे जोडलेली केबल व पॉट (आवाज कमीजास्त करण्याचे बटण) यांवरून. लांब केबलने तीव्र स्वर बोथट होतात, आणि दोष बिचाऱ्या पिकअपवर येतो.

उंचीचेही तसेच. स्क्रू थोडा फिरवून पिकअप तारेपासून एखादा मिलिमीटर खाली नेला तरी आवाज बदलतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; पण नव्या तंबोऱ्याची जवारी (घोडीचा तार टेकणारा पृष्ठभाग घासून साधलेला नाद) नीट लागलेली नसेल, तर शेजारच्या जुन्या तंबोऱ्याशी त्याची तुलना कुणी जाणकार करणार नाही. म्हणून दोन्ही पिकअप एकाच गिटारवर, त्याच तारा, तीच केबल आणि तीच उंची ठेवून ऐकावेत. दोन वेगळ्या गिटारींवरच्या रेकॉर्डिंगवरून दिलेला निकाल गिटारींचा असतो.

फेंडरच्या तीन पिकअपांच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या बाबतीत तंतोतंतपणा अडचणीचाही ठरतो. 1950 च्या दशकात तिच्या तिन्ही पिकअपचे वेढे एकाच दिशेचे होते आणि पिकअप निवडण्याचा स्विच तीन जागांचा. पाच जागांचा कारखान्यातून येऊ लागला 1977 मध्ये. आजच्या अनेक संचांत मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवांचा असतो, त्यामुळे दोन पिकअप एकत्र वाजताना गुणगुण मरते. गणेशोत्सवाच्या मंडपात, जिथे अर्थिंगची खात्री नसते आणि माळांचे डिमर त्याच लाइनवर असतात, तिथे अस्सल नकलेपेक्षा हा बदल केलेला संच घ्यावा. एकच पिकअप वाजवला, तर मात्र दोन्ही संच सारखेच गुणगुणतात.