हातमाग विणकरांचे व्यावसायिक आरोग्य

हातमागावर विणकाम करणाऱ्या कारागिरांना कामामुळे जडणाऱ्या व्याधी आणि त्यांमागील कामाची परिस्थिती यांचा अभ्यास. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) यांनी व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ मधील वाढीव आवृत्तीत विणकरांचा समावेश केला होता.

विणकराच्या दुखण्यांचे मूळ बहुतांशी मागाच्या रचनेतच असते. धोटा (आडवा धागा वाहून नेणारे लाकडी साधन) फेकणे, फणी ओढून बाण्याचा म्हणजे आडवा धागा ठोकणे आणि पायाखालच्या पट्ट्या आलटून पालटून दाबणे या क्रिया विणकर पुढे वाकून, पाठीला आधार नसलेल्या फळीवर बसून दिवसभर करत असल्याने कंबर, मान, खांदे आणि गुडघे दुखावतात. कठीण बैठकीमुळे बसण्याच्या हाडाजवळची द्रवपिशवी सुजण्याचा विकार तर इंग्रजी वैद्यकात विणकराच्याच नावाने ओळखला जातो. इंग्लंडमधील जॉन के यांनी १७३३ मध्ये पेटंट घेतलेल्या, दोरी ओढून फेकल्या जाणाऱ्या उडत्या धोट्यामुळे रुंद कापड विणताना हात लांबवण्याचे कष्ट वाचले. मात्र दोरीला हिसका देण्याचा भार एकाच हातावर आला.

धुळीची चर्चा अधिक होत असली, तरी हातमागावर तिचा त्रास सूतगिरणीच्या मानाने कमी असतो, कारण विणकराकडे येणारे सूत आधीच पिंजून कातलेले असते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणारा बिसिनोसिस हा कापूस-धुळीचा रोग प्रामुख्याने पिंजण-विभागात आढळतो. विणकराला खोकला होतो तो बहुधा ताण्याला म्हणजे उभ्या धाग्यांना मजबुतीसाठी लावलेल्या खळीची (पिठाच्या लेपाची) भुकटी किंवा सुतावरील बुरशी यांमुळे. येथे एक पेच आहे: कोरड्या हवेत सुती धागा तुटतो, म्हणून खोली दमट आणि बंद ठेवली जाते, सुताला मानवणारी ही हवा फुप्फुसांना मात्र मानवत नाही. जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या खड्डामागावर पायही ओलसर जमिनीत राहतात. अंधुक प्रकाशात गडद रंगाचे बारीक सूत विणताना डोळे शिणतात आणि चाळिशीनंतर चष्म्यावाचून तुटलेला धागा शोधणे अवघड होते. सूत घरीच रंगवले जात असल्यास क्रोमियमच्या क्षारांमुळे त्वचेवर चट्टे व व्रण उठतात, तर प्रतिक्रियाशील रंगांच्या भुकटीने दमा जडू शकतो.

माग बहुधा राहत्या घरातच असल्याने धूळ आणि रंगांची वाफ विणकाम न करणाऱ्यांनाही सोसावी लागते. धोट्यासाठी कांड्यांवर सूत भरणे, ताणा करणे ही स्त्रिया व मुलांकडे येणारी कामे अनेकदा वेगळ्या मजुरीविना होतात. कारखान्यांसाठीच्या तपासणीची व्यवस्था सहसा घरात पोहोचत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६ मधील गृहकामविषयक करारात (क्र. १७७) घरी काम करणाऱ्यांना सुरक्षिततेच्या बाबतीत इतर कामगारांसारखी वागणूक अपेक्षिली आहे, तो मान्य करणारे देश थोडेच आहेत.

बैठकीची उंची जुळवणे, पाठीला टेकू देणे, मागावर थेट दिवा लावणे हे उपाय स्वस्त आहेत. मधूनमधून विश्रांती घेण्याचा उपाय त्याहून साधा असला, तरी मजुरी किती वार कापड विणले यावर ठरत असल्याने तो सर्वांत महाग पडतो.