लाकडी जहाजांच्या प्रतिकृती

मूळ आराखडे आणि मोजमापे पाळून, ठरावीक प्रमाणात, एखाद्या जहाजाची लाकडात लहान प्रतिकृती उभारणे हा जगभर जोपासला जाणारा हस्तकौशल्याचा छंद आहे. शोभेसाठी तयार मिळणारी गलबते यात मोडत नाहीत. या छंदात सांगाडा, फळ्या, डोलकाठ्या आणि दोर हे सारे शक्यतो मूळ जहाजाच्याच क्रमाने उभे केले जाते आणि ते जहाज कसे बांधले होते हे प्रतिकृतीवरून जाणकाराला कळावे, अशी अपेक्षा असते.

जहाजांच्या प्रतिकृती फार जुन्या आहेत. इजिप्तमध्ये थीब्झ येथील मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली सापडलेल्या लाकडी नौका सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. युरोपात नवसाची जहाजे चर्चमध्ये टांगण्याची प्रथा होती. स्पेनमधील मातारोचा पंधराव्या शतकातील असा नमुना आज रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत ब्रिटिश आरमारासाठी १:४८ प्रमाणात घडवलेल्या प्रतिकृतींमध्ये खालच्या भागावर अनेकदा फळ्या लावल्या जात नसत, त्यामुळे आतल्या बरगड्या उघड्या दिसत. ग्रीनिच आणि अ‍ॅनापोलिस येथील संग्रहालयांत त्या पाहायला मिळतात आणि आजच्या छंदिष्टांना आदर्श वाटतात. नेपोलियनच्या काळात इंग्लंडमधील फ्रेंच युद्धकैद्यांनी जेवणातल्या हाडांपासून कोरलेली जहाजेही याच परंपरेतली होत. घरगुती छंदाचा प्रसार मात्र विसाव्या शतकात, इटली, स्पेन, डेन्मार्क आणि अमेरिकेतील कंपन्यांचे संच बाजारात आल्यावर झाला. ‘व्हिक्टरी’, ‘वासा’, ‘कटी सार्क’ ही त्यांतली नेहमीची जहाजे.

पहिला निर्णय प्रमाणाचा असतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरवलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे. त्याच्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे ४६ मीटर आहे. ती १:४८ प्रमाणात ९६ सेंटिमीटर, १:६४ मध्ये ७२ आणि १:९६ मध्ये ४८ सेंटिमीटर होते. पुढे आलेली डोलकाठी धरली तर एकूण लांबी याहून बरीच वाढते. तेव्हा प्रतिकृती घरात कुठे ठेवायची याचा विचार आधीच केलेला बरा.

आकार लहान करता येतो, लाकडाचे रेषे लहान करता येत नाहीत, आणि लाकडाची निवड यावरच ठरते. ‘ट्रिंकोमाली’ सागवानाची असली तरी तिची प्रतिकृती सागवानात चांगली दिसत नाही, कारण सागाची ठळक छिद्रे आणि जाड रेषे मोजून पाहिले तर जहाजाच्या फळीवर बोटभर रुंद चिरा पडल्यासारखे भासतात. म्हणून बारीक, एकसारख्या पोताची लाकडे घेतली जातात. परदेशात नासपती, बॉक्सवूड, चेरी आणि होली यांना मान आहे. संचांत बहुधा लाइम, बीच आणि अक्रोड असते. आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांपैकी पिवळसर, घट्ट पोताचा हळदू या कामाला उत्तम; पूर्वीपासून तो बॉक्सवूडच्या जागी वापरला जातो. बाल्सा हलके आणि कापायला सोपे असले तरी त्याच्या कडा दबतात आणि खिळे धरत नाहीत. नवख्यांनी त्याच्या सोपेपणाला भुलू नये.

बांधणीच्या रीती मुख्यतः तीन. पहिलीत भरीव ठोकळा तासून जहाजाचा आकार काढतात. दुसरीत प्लायवूडचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, घेऊन त्याच्या खाचांत आडवे छेद, म्हणजे जहाज आडवे कापल्यावर दिसणाऱ्या आकाराचे तुकडे, बसवतात आणि त्यांवर फळ्या लावतात. बहुतेक संच याच रीतीचे असतात. तिसरीत मूळ जहाजाप्रमाणे एकेक बरगडी तुकडे जोडून घडवतात. हे काम वर्षानुवर्षे चालते आणि आराखडा नीट वाचता येत असल्याशिवाय त्याला हात घालू नये.

खरे कसब फळ्या बसवण्यात आहे. आधी छेदांच्या कडा लांब पट्टीवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरने तिरक्या घासतात. एक लवचीक पट्टी कुठेही ठेवली तरी ती सर्व छेदांना टेकली पाहिजे. जहाजाचे पोट मध्यभागी फुगीर आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, अरुंद असल्यामुळे सारख्या रुंदीच्या फळ्या पुढे एकमेकींवर चढू लागतात. म्हणून प्रत्येक छेदाच्या कडेची लांबी कागदी पट्टीने मोजून ती फळ्यांच्या संख्येने भागतात आणि आलेल्या रुंदीप्रमाणे प्रत्येक फळी रंध्याने निमुळती करतात. नाळेपाशी फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद होऊ देत नाहीत. तशी वेळ आली तर एक फळी मध्येच संपवून शेजारच्या फळीत खाच करून बसवतात. वाक देण्यासाठी फळी थोडा वेळ पाण्यात भिजवून इस्त्रीच्या किंवा तापवलेल्या नळीच्या उष्णतेवर वळवतात. लाकूड नरम होते ते मुख्यतः उष्णतेने, त्यामुळे तासन्‌तास भिजवून फारसे साधत नाही, उलट फळी फुगते आणि वाळल्यावर सांधे उघडतात. डाव्या-उजव्या बाजूंच्या फळ्या आळीपाळीने लावल्या नाहीत तर ताणामुळे कणाच पिळवटतो.

फळी बरगडीला धरून ठेवणाऱ्या लाकडी खुंट्याही हौशी कारागीर दाखवतात. मूळची दीड इंची खुंटी १:४८ मध्ये जेमतेम ०.८ मिलिमीटर जाड येते. बांबूची काडी पोलादी पट्टीतल्या लहान-लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत ती तयार करतात. बांबूचे धागे सरळ असल्याने काडी तुटत नाही. डेकच्या फळ्यांमधली डांबराची रेघ पेन्सिलीचे ग्रॅफाइट फळीच्या कडेला फासून दाखवता येते. तळाला तांबे असलेल्या जहाजांवर पातळ तांब्याचे पत्रे चिकटवतात: चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद पत्रा १:७२ मध्ये सुमारे १७ बाय ५ मिलिमीटर होतो आणि मोठ्या युद्धनौकेला असे हजारो लागतात.

हत्यारांवर सुरुवातीलाच फार खर्च करायची गरज नाही. बदलत्या पात्यांची धारदार सुरी, पोलादी पट्टी, छोटा गुण्या, बारीक दातांची करवत, लहान रंधा, कानशी, चिमटे, पक्कड, अर्धा ते दोन मिलिमीटरच्या बिटांसह हातड्रिल आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे एवढ्यावर पहिले जहाज उभे राहते. व्हर्नियर कॅलिपर लवकर घ्यावा. विजेचे फिरते हत्यार उशिरा घेतले तरी चालते, कारण नवख्या हातात ते क्षणात नको तितके लाकूड खाते. सांध्यांना पांढरा गोंद, धातूला झटपट चिकटणारा गोंद किंवा इपॉक्सी वापरतात. शेवटचा हात चपड्याच्या पातळ पॉलिशचा किंवा मेणाचा. चकचकीत वार्निशने प्रतिकृती खेळण्यासारखी दिसते. घासताना मास्क आवश्यक आहे, कारण लाकडाची भुकटी, विशेषतः आबनूस आणि सागाची, श्वासाला व त्वचेला त्रास देते.

दोरकामात डोलकाठ्यांना ताणून धरणारे स्थिर दोर डांबरी काळसर आणि शिडे हलवणारे दोर फिकट रंगाचे घेतात. सुती किंवा पॉलिएस्टरचे धागे लहान यंत्रावर पिळून योग्य जाडीचा दोर करतात. त्यावर मेणाचा हात फिरवला की सूत उसवत नाही. एकाच जाडीचा दोर सगळीकडे लावला, तर इतर काम कितीही नेटके असले तरी प्रतिकृती फसते.

मराठी छंदिष्टांना गुराब आणि गलबत ही मराठा आरमारातील जहाजे खुणावतात, मात्र पारंपरिक बांधणी कागदी आराखड्यावर नव्हे तर मिस्त्रीच्या हिशेबावर चालत असे. त्यामुळे अशी प्रतिकृती समकालीन चित्रे, परकीयांची वर्णने आणि किनाऱ्यावर आजही दिसणाऱ्या लाकडी होड्यांचे सांधे यांवरून तर्काने करावी लागते. कशाला पुरावा आहे आणि काय तर्क आहे हे सोबतच्या टिपणात लिहून ठेवणे हे प्रामाणिक कारागिराचे काम आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावर आधारित, गोव्यात फळ्या दोरीने शिवून बांधलेली भारतीय नौदलाची ‘कौंडिन्य’ ही नौकाही अशाच तर्काने आकाराला आली. तिच्या आकाराची प्रतिकृती आधी चेन्नईच्या आयआयटीत पाण्यात तपासली गेली होती.

पूर्ण झालेली प्रतिकृती काचेच्या पेटीत, उन्हापासून दूर ठेवतात. कोकणासारख्या दमट हवेत लाकूड फुगते-आकसते आणि दोर सैल पडतात, म्हणून पेटी भिंतीला अगदी टेकवू नये. पेटी पूर्ण बंदही करू नये. प्लायवूड आणि ताज्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाचे नांगर आणि तोफा काही वर्षांत पांढऱ्या भुकटीत बदलतात. तळाशी दोन-चार भोके ठेवणे आणि शिशाऐवजी पितळेचे भाग वापरणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.