गोधडी-क्विल्टचा घरगुती व्यवसाय: उद्यम नोंदणी नेमकी कुठे अडते?

हाताने शिवलेल्या गोधड्या, बाळाची दुपटी, पॅचवर्कच्या चादरी घरातून विकणारी बाई कर्जासाठी बँकेत गेली की बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, "उद्यम आहे का?" उद्यम म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची ऑनलाइन नोंदणी. ती मोफत आहे. एकही कागद अपलोड करावा लागत नाही, सगळं स्वयंघोषणेवर चालतं. तरीही अर्ज अडतात, आणि कारण बहुधा व्यवसायात नसतं, आधार आणि पॅनमध्ये असतं.

पात्रतेची काळजी सोडा. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत दहा कोटी रुपये आहे. किमान मर्यादा नाही. एक शिलाई मशीन असलं तरी चालतं, दुकान नसलं तरी घराचा पत्ता चालतो.

पहिली अडचण मोबाइलची. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो, आणि तो नंबर अनेकींच्या बाबतीत नवऱ्याचा, मुलाचा किंवा कधीच बंद पडलेला असतो. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्याला कुठलाही पुरावा लागत नाही.

दुसरी अडचण सगळ्यांत जास्त रडवते. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. पोर्टल दोन्ही ताडून पाहतं आणि अर्ज तिथेच थांबतो. स्क्रीनवर तांत्रिक भाषेतली एक ओळ येते, नेमकं काय चुकलं ते कोणी सांगत नाही, आणि बायका तोच फॉर्म पुन्हा पुन्हा भरत बसतात. त्याने काही होत नाही. आधी बँकेचं पासबुक काढा. त्यावर जे नाव आहे तेच तिन्ही ठिकाणी यायला हवं. पासबुक आणि आधार जुळत असेल तर पॅन दुरुस्त करा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, म्हणून त्याला घाईने हात लावू नका.

पॅनच नसेल तर आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आधारवरून ई-पॅन मोफत मिळतं. पण आधारवर पूर्ण जन्मतारीख हवी. वयस्कर बायकांच्या आधारवर पुष्कळदा नुसतं साल असतं, आणि गाडी तिथे अडते. आधी तारीख पूर्ण करून घ्या. पॅन जुनं असेल तर ते आधारशी जोडलेलं आहे ना, हेही बघा. जोडलं नसेल तर ते १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झालेलं असू शकतं.

फॉर्ममधली एक चूक मात्र नंतर महागात पडते. "मी विकते, म्हणजे व्यापार" असं समजून अनेक जणी 'ट्रेडिंग' निवडतात. तुम्ही वस्तू तयार करता, म्हणून 'मॅन्युफॅक्चरिंग'च निवडा. उद्योगाच्या वर्गीकरणात कपडे सोडून इतर तयार कापडी वस्तूंचा गट १३९२ आहे, त्यात गोधड्या-रजया बसतात. व्यापार म्हणून नोंद झाली तर फायदा फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता, म्हणजे बँकांनी शेती, लहान उद्योग अशांना द्यायच्या ठरावीक वाट्यापुरता राहतो. उत्पादक असाल तर बुटीकने पैसे थकवल्यावर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो: लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर व्याज. शिकवणीचे वर्गही घेत असाल तर त्यासाठी दुसरी नोंदणी करू नका. त्याच नोंदणीत सेवा म्हणून तो व्यवसाय वाढवता येतो. बाकी पत्ता, बँक खातं, कामगारांची संख्या भरणं सरळ आहे.

"तुमच्या उद्यमची मुदत संपली, नूतनीकरणाचे पैसे भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. या प्रमाणपत्राला मुदत नसते. मुदत संपली ती उद्यमच्या आधी असलेल्या जुन्या 'उद्योग आधार' नोंदणीची, ३० जून २०२२ ला. नावात 'उद्यम' घालून शुल्क मागणारी संकेतस्थळं खासगी असतात. सरकारी पत्ता 'गव्ह डॉट इन'वर संपतो, आणि तिथे एक रुपयाही लागत नाही.

उद्यम मिळालं म्हणजे जीएसटीचा प्रश्न सुटला, असंही नाही. फक्त वस्तू विकत असाल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारपेठेवरही विकता येतं, पण फक्त आपल्याच राज्यात, आणि आधी जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. बऱ्याच विक्रेत्या हा नंबर न घेताच खातं उघडायला जातात आणि परत पाठवल्या जातात. ज्यांना हे माहीत नसतं त्यांना "जीएसटी काढा" एवढंच सांगितलं जातं, आणि गरज नसताना त्या रिटर्न भरण्यात अडकतात. तसं कोणी सांगितलं तर एनरोलमेंट नंबरबद्दल थेट विचारा.