स्टीव्हियाचं पान आणि स्टीव्हियाची पुडी: एकाचं श्रेय दुसऱ्याला नको

स्टीव्हिया म्हणजे गोड पानांचं एक झुडूप. पुडी सगळ्यांना माहीत आहे. पांढरी, बिनसाखरेची, चहात टाकायची; तिच्यात पानांतून काढलेला शुद्ध गोड अर्क असतो. पान म्हणजे पॅराग्वे भागातले ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या पेयांत आणि औषधात वापरत आले ते. वाळवून त्याची हिरवी भुकटी करतात. पानाला ज्येष्ठमधासारखी कडवट सर असते. रंग-चवीचे फरक सांगायला मी कशाला हवा?

घोळ आहे तो पुराव्याचा. पानाची परंपरा सांगून पुडी विकतात आणि पुडीवरच्या चाचण्या दाखवून पान. दोन्ही चूक.

सुरक्षिततेचं प्रमाणपत्र आहे ते अर्काचं. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) आणि डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीने २००८ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४ मिलिग्रॅम (स्टीव्हिऑलच्या हिशेबात, म्हणजे अर्क पचल्यावर उरणाऱ्या त्याच्या भागाच्या) ही मर्यादा ठरवली, ती किमान ९५ टक्के शुद्ध अर्कासाठी. अमेरिकेत शुद्ध अर्क चालतो. अख्खं पान किंवा कच्चा अर्क खाद्यपदार्थात गोडीसाठी घालायला मान्यता नाही.

आता औषधी गुण. 'स्टीव्हियाने बीपी उतरतं' हे वाक्य कुठून आलं? चिनी रुग्णांवरच्या दोन चाचण्यांतून. त्यांत स्टीव्हिओसाइडचा (पानातल्या एका मुख्य गोड द्रव्याचा) रोजचा डोस होता ७५० आणि १५०० मिलिग्रॅम, तोही वर्ष-दोन वर्षं. साठ किलोच्या माणसाला वर सांगितलेल्या मर्यादेने दिवसाला साधारण ६०० मिलिग्रॅम स्टीव्हिओसाइड बसतं. पुढच्या काही चाचण्यांत तर बीपीवर फरक दिसलाच नाही. दोन चमचे साखरेइतक्या गोडीला ३०-४० मिलिग्रॅम अर्क पुरतो, कारण तो साखरेच्या २००-३०० पट गोड. म्हणजे चहातली पुडी बीपीचं औषध म्हणून मोजायचीच नाही. पुडीत उरलेली सगळी भर असते: एरिथ्रिटॉल, डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन. शेवटच्या दोघांनी रक्तातली साखर वाढते, म्हणून पुडीची मागची बाजू वाचा; पुढच्या बाजूवर फक्त हिरवं पान छापलेलं असतं!

मधुमेहींना खरा फायदा एवढाच की साखर पोटात जात नाही. तो छोटा नाही, पण तो न खाल्लेल्या साखरेचा फायदा आहे. वजन उतरवण्यासाठी तर डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये स्टीव्हियासकट अशा गोडव्यांवर भिस्त ठेवू नका असंच सांगितलं.

माझी पसंती अर्काच्या थेंबांना, डेक्स्ट्रोजची भर नसलेल्या. पानांचा काढा रोज घ्यायचाच असेल आणि बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर 'घरगुती आहे' म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका.